न्यू इंग्लिश स्कूल, पुणे

पुण्यातील एक जुनी व नामांकित माध्यमिक शाळा. विष्णुशास्त्री चिपळूणकर (१८५०–८२), बाळ गंगाधर टिळक (१८५६–१९२०) व महादेव बल्लाळ नामजोशी (१८५३–९६) यांनी १८८० च्या जानेवारीच्या प्रारंभी ती स्थापन केली. वामन शिवराम आपटे (१८५८–९२) व गोपाळ गणेश आगरकर (१८५६–९५) हे लवकरच त्यांना येऊन मिळाले. डेक्कन एज्युकेशन सोसायटी, फर्ग्युसन महाविद्यालय, तसेच केसरी व मराठा ही वृत्तपत्रे यांचा उगम या शाळेत किंवा तिच्या चालकमंडळींत झाला. त्यामुळे शाळेचा इतिहास हा महाराष्ट्राच्या राजकीय व सामाजिक इतिहासाचाही एक भाग ठरला आहे. तथापि शाळा म्हणून तिचे वेगळेपण निराळ्याच गोष्टीत आहे. शिक्षकांनी स्वेच्छेने अल्प वेतन पतकरून स्वतःच चालविलेली शाळा, ही कल्पना तिने महाराष्ट्रात प्रथम मोठ्या प्रमाणावर यशस्वी करून दाखविली आणि त्याच कल्पनेच्या अर्थावरून तिचे संस्थापक अवघ्या दहा वर्षांत एकमेकांपासून दुरावले.

पेशवाईच्या अस्तानंतर (१८१८) पुण्यात इंग्रजी अमदानीतील शिक्षणाचा आरंभ विश्रामबागवाड्यातील संस्कृत पाठशाळेपासून (१८२१) झाला. मुंबई विद्यापीठाची स्थापना (१८५७) झाल्यावर त्याची प्रवेश परीक्षा, म्हणजे मॅट्रिक, हीच इंग्रजी शिक्षणाची वेस ठरली. ती ओलांडणाऱ्यास सरकारी नोकरी, वकिली किंवा महाविद्यालय यांची दारे उघडत. पुण्यात या परीक्षेपर्यंत नेणारी प्रमुख शाळा सरकारी असून ती विश्रामबागवाड्यात भरत असे. त्याशिवाय मिशनऱ्यांच्या शाळा होत्या. एतद्देशीयांनी चालविलेल्या खाजगी शाळाही होत्या. त्यांपैकी बाबा गोखले यांच्या शाळेत विष्णुशास्त्र्यांनी काही काळ अध्यापन केले होते. वामन प्रभाकर भावे, लक्ष्मण नरहर इंदापूरकर व वासुदेव बळवंत फडके यांच्या उद्योगातून निघालेली ‘पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन’ ही याच जातीची. म्हणजे खाजगी शाळा ही १८८० मध्ये नवी गोष्ट नव्हती. परंतु अशा शाळा बहुधा एखाद्या गृहस्थाच्या कर्तबगारीवर उभ्या असत आणि त्याच्या पश्चात त्या टिकतीलच याची शाश्वती नसे. उच्च पदवी घेतलेले तरुण सरकारी नोकरीची वाट सोडून अशा शाळेत जन्म काढतील, ही कल्पना त्या वेळी बहुतेकांना वेडेपणाची वाटे.

शाळेच्या स्थापनेआधीचे वर्ष पुण्याला खडतर गेले होते. १८७६–७७ च्या दुष्काळाच्या जखमा ताज्या होत्या. १८७८ मध्ये देशी वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदा झाला होता. फडक्यांच्या बंडाने सरकार धास्तावले होते आणि १३ मे १८७९ रोजी बुधवारवाडा व विश्रामबागवाडा यांना आगी लागल्या. सुशिक्षितांवर, विशेषतः पुण्यातील ब्राह्मण पदवीधरांवर, संशयाची नजर होती. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांसारख्या संयमी पुरुषाचीही याच सुमारास पुण्याहून बदली झाली. अशा वातावरणात निबंधमालाकार विष्णुशास्त्री यांनी रत्नागिरीच्या सरकारी शाळेतील नोकरीचा राजीनामा दिला. पुण्याहून रत्नागिरीस झालेली बदली त्यांना जाचली होती आणि सरकारी दास्याची बेडी तोडल्याचा आनंद त्यांनी आपल्या भावास लिहिलेल्या पत्रातून व्यक्त केला आहे. डेक्कन कॉलेजात शिकत असलेले टिळक व आगरकर हे दोघे याच सुमारास देशकार्याचा मार्ग शोधीत होते. शिक्षणाशिवाय दुसरा उपाय नाही, अशा निष्कर्षाप्रत ते आले होते. विष्णुशास्त्री पुण्यास येऊन शाळा काढणार, असे कळताच ते त्यांना जाऊन भेटले. आगरकरांची एम्.ए.ची परीक्षा व्हावयाची होती, म्हणून ते प्रत्यक्ष शाळेत १८८१ मध्ये दाखल झाले. मुलगा मोठ्या पगाराचा अधिकारी होईल अशी आशा बाळगणाऱ्या आपल्या गरीब आईस त्यांनी, आपण पोटापुरते मिळवून उरलेला वेळ लोकांच्या कामी घालणार, असे कळविले होते. या पत्राचा मराठी वाचकांना विशेष परिचय आहे.

शाळा प्रथम बुधवार पेठेतील मोरोबादादा फडणिसांच्या वाड्यात भरली. पहिल्या दिवशी पटावर पन्नासही विद्यार्थी नव्हते. मात्र वर्षअखेर ही संख्या तीनशेच्या वर गेली आणि १८८५ च्या सुमारास ती हजाराच्या घरात पोहोचली. एवढ्या जलद वाढीचे श्रेय बऱ्याच अंशी आपट्यांकडे जाते. ते संस्कृतचे नाणावलेले विद्वान असून कडक शिस्तीचे व्यवस्थापक होते. शाळेची दैनंदिन घडी त्यांनीच बसविली. त्यांचा संस्कृत रचनेवरील सुप्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ १८८१ मध्ये निघाला आणि संस्कृत–इंग्रजी कोश १८९० मध्ये. म्हणजे आपली मुख्य ग्रंथरचना त्यांनी शाळा व पुढे महाविद्यालय सांभाळीत असतानाच केली. टिळक मुख्यतः गणित व संस्कृत शिकवीत. पुस्तक हाती न घेता तोंडी उदाहरणे घालण्याची व फळ्यावर फारसे न लिहिता ती सोडविण्याची त्यांची पद्धत हुशार विद्यार्थ्यांना मानवे, मंदगतींना जड जाई. आगरकर इंग्रजी व इतिहास शिकवीत. विष्णुशास्त्र्यांचे नाव हेच शाळेचे मोठे भांडवल होते. निबंधमाला वाचून भारावलेल्या पालकांना, आपला मुलगा मालाकारांच्या शाळेत जातो, हेच अभिमानास्पद वाटे. नामजोशी पदवीधर नव्हते, पण किरण व डेक्कन स्टार ही पत्रे चालविल्याने त्यांचा लोकसंग्रह दांडगा होता. संस्थानिक व सरदार यांच्याकडून पैसा मिळविण्याचे बिकट काम पुढे त्यांनीच केले. संस्थापकांच्या मालिकेत त्यांचे नाव पुष्कळदा शेवटी येते व लवकर विसरलेही जाते, हे त्यांच्या कामाच्या मानाने योग्य नाही.

पहिल्या वर्षी संस्थापकांनी जवळजवळ वेतनाविनाच काम केले. पुढेही ते सरकारी शाळेतील समकक्ष शिक्षकापेक्षा फारच कमी वेतन घेत. त्यामुळे फी कमी ठेवता आली. प्रारंभीची काही वर्षे शाळेने सरकारी अनुदान घेतले नाही. मॅट्रिकच्या निकालांत ती लवकरच सरकारी शाळांच्या बरोबरीस आली. संस्कृतातील प्रावीण्याबद्दल देण्यात येणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती शाळेच्या विद्यार्थ्यांनी आरंभीच्या काळात वारंवार पटकाविली.

मराठी भाषेचा कैवार घेतलेल्या विष्णुशास्त्र्यांनी आपल्या शाळेस ‘न्यू इंग्लिश स्कूल’ असे नाव द्यावे, याचे पुढील पिढ्यांना नवल वाटत आले आहे. परंतु त्यात विसंगती नव्हती. इंग्रजी विद्या हे नव्या ज्ञानाचे व शक्तीचे साधन आहे, ते आपल्या हाती असले पाहिजे, अशी विष्णुशास्त्र्यांची धारणा होती. त्यांचा आक्षेप इंग्रजी शिकण्यास नव्हता, तर ते परक्यांच्या ताब्यात राहून, स्वदेशाविषयी तुच्छता बाळगून शिकण्यास होता. म्हणून अभ्यासक्रम सरकारी शाळेचाच राहिला आणि वरच्या वर्गांत माध्यमही इंग्रजीच होते. बदलले ते शिक्षकाचे स्थान. शिक्षक हा सरकारचा नोकर नसून शाळेचा भागीदार आहे, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्याही ध्यानात येई. तथापि विद्यापीठाच्या परीक्षेने आखलेल्या चौकटीतच स्वातंत्र्य शोधावयाचे, ही या प्रयोगाची मर्यादा होती. ती पुढे संस्थापकांपैकीच काहींना जाणवली.

शाळेबरोबरच छापखानाही निघाला. आर्यभूषण छापखान्यातून १८८१ च्या जानेवारीत मराठा (इंग्रजी) व केसरी (मराठी) ही साप्ताहिके सुरू झाली. शाळेतील मंडळीच ती चालवीत. दुपारी वर्ग आणि रात्री मुद्रिते, असा त्यांचा क्रम होता. १८८२ हे वर्ष या मंडळींच्या कसोटीचे ठरले. १७ मार्च रोजी विष्णुशास्त्री वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी मरण पावले. कोल्हापूरचे छत्रपती शिवाजी महाराज यांच्या छळासंबंधी या पत्रांतून आलेल्या मजकुरावरून कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. त्यात जुलैमध्ये टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढून ते २६ ऑक्टोबर रोजी सुटले. आगरकरांनी या दिवसांची हकीकत पुढे पुस्तकरूपाने लिहिली. संस्थापकांपैकी एक निवर्तलेला व दोन शिक्षक तुरुंगात, अशा स्थितीत शाळा बंद पडली असती तर कोणास आश्चर्य वाटले नसते. ती बंद पडली नाही. उलट शिक्षा भोगून आलेल्या शिक्षकांचे लोकांनी वाजतगाजत स्वागत केले आणि शाळेचा लौकिक वाढला.

याच वर्षी विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोग मुंबई इलाख्यात आला. आयोगापुढे आपट्यांनी शाळेच्या वतीने साक्ष दिली. माध्यमिक शिक्षण एतद्देशीय खाजगी संस्था समर्थपणे व कमी खर्चात चालवू शकतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. हंटर यांनी शाळा पाहिली व सरकारी मदतीवाचून चाललेली ही शाळा सरकारी शाळांशीच नव्हे, तर इतर देशांतील शाळांशीही स्पर्धा करू शकेल, अशा आशयाचे उद्गार काढले. माध्यमिक शिक्षणातून सरकारने हळूहळू अंग काढून घ्यावे व खाजगी प्रयत्नास अनुदानाने उत्तेजन द्यावे, अशी शिफारस आयोगाने केली. शाळेच्या यशाने या विचारास बळ मिळाले. परंतु त्याच आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी सादर केलेले निवेदनही येथे लक्षात घेतले पाहिजे. रयतेच्या कष्टातून आलेला पैसा सरकार वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च करते आणि बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाकडे दुर्लक्ष करते, असा त्यांचा आरोप होता. न्यू इंग्लिश स्कूलने सरकारवरील अवलंबित्वाचा प्रश्न सोडविला, पण फुल्यांनी विचारलेल्या प्रश्नास तिच्याजवळ उत्तर नव्हते. तिचे आरंभीचे विद्यार्थी प्रामुख्याने शहरातील पांढरपेशा आणि त्यातही ब्राह्मण घरांतून आलेले होते. चालकांच्या ‘लोकशिक्षण’ या शब्दातील लोक कोण, हा प्रश्न शाळेच्या पहिल्या पिढीत फारसा विचारला गेला नाही. मुलींना तर शाळेत जागाच नव्हती. स्त्री-पुरुषांना एकच शिक्षण एकत्र द्यावे असे आगरकरांनी पुढे हिरीरीने मांडले, मात्र ते लेखणीतच राहिले. १८८४ मध्ये पुण्यात निघालेल्या मुलींच्या हायस्कुलातील अभ्यासक्रमावर टिळकपक्षाने टीकाच केली.

शाळेला स्थैर्य यावे व तिला महाविद्यालयाची जोड मिळावी, या हेतूने २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली. सर विल्यम वेडरबर्न, प्राचार्य वर्डस्वर्थ, रानडे, रा. गो. भांडारकर, का. त्र्यं. तेलंग आदींचे सहकार्य तिला लाभले. २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले व त्याचे पहिले प्राचार्य आपटे झाले. सरकारी नोकरी धिक्कारून निघालेल्या मंडळींच्या महाविद्यालयास मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचे नाव देण्यात आले. संस्थानिकांकडून देणग्या मिळवावयाच्या, विद्यापीठाची मान्यता टिकवावयाची, तर राज्यकर्त्यांची कृपादृष्टी असणे सोयीचे होते. व्यवहाराची ही जाण संस्थापकांत प्रथमपासून होती. केवळ त्यागाच्या बळावर शाळा उभी राहिली, ही समजूत त्यामुळे अर्धीच खरी आहे.

सोसायटीच्या घटनेतील सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे आजीव सभासदत्वाची व्यवस्था. आजीव सभासदाने वीस वर्षे संस्थेची सेवा करावयाची, ठरलेले समान वेतन घ्यावयाचे आणि आपली सारी शक्ती संस्थेस द्यावयाची. हे वेतन पुढे दरमहा ७५ रुपये असे स्थिरावले. शिवाय कुटुंबासाठी ३,००० रुपयांचा आयुर्विमा उतरविला जाई. शाळेचा कारभार बाहेरच्या देणगीदारांच्या हाती न राहता प्रत्यक्ष शिकविणाऱ्या या सभासदांच्या मंडळाकडे असे. मुख्याध्यापक म्हणजे मालक नव्हे, तर समानांतील पहिला, असा त्यामागील भाव होता. टिळक, आगरकर, आपटे, नामजोशी यांच्याखेरीज वासुदेव बाळकृष्ण केळकर, महादेव शिवराम गोळे इ. पहिल्या आजीव सभासदांत होते. गोपाळ कृष्ण गोखले (१८६६–१९१५) हे १८८५ मध्ये दरमहा ३५ रुपयांवर शाळेत साहाय्यक शिक्षक म्हणून आले व पुढच्याच वर्षी आजीव सभासद झाले. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक या शिक्षकी पेशातून निर्माण झाले. ते पुढे मॅकमिलन कंपनीने प्रसिद्ध केले आणि देशभर अनेक शाळांत चालले.

समान वेतनाच्या या नियमातच कलहाचे बीज होते. टिळकांच्या मते आजीव सभासदांनी जेझुइट पंथीयांप्रमाणे वैयक्तिक लाभाचा विचार सोडून सर्वस्व संस्थेस वाहिले पाहिजे. बाहेर मिळविलेला पैसाही संस्थेचाच. आगरकरांचे म्हणणे असे, की कुटुंबाच्या गरजा वाढतात त्या मानाने वेतनात वाढ अगर प्रसंगी साहाय्य मिळावयास हवे आणि शाळेचे काम पुरे केल्यावर उरलेल्या वेळाचा सभासदाने काय उपयोग करावा हा त्याचा प्रश्न आहे. टिळकांस घरची थोडीफार अनुकूलता होती, आगरकरांस ती मुळीच नव्हती. ही वस्तुस्थिती या वादात दृष्टीआड करता येत नाही. होळकर महाराजांनी दिलेल्या देणगीचा विनियोग, वेतनवाढीचे ठराव, बाहेरची कामे अशा एकामागून एक प्रकरणांनी मने कलुषित झाली. त्यात सामाजिक सुधारणेविषयीच्या मतभेदांची भर पडली. १८८७ मध्ये आगरकरांनी केसरी सोडला व १८८८ मध्ये सुधारक काढला. एकाच शाळेच्या शिक्षकखोलीत बसणारे दोघे दोन परस्परविरोधी पत्रांतून एकमेकांवर तुटून पडत. गोखल्यांनी १८९० मध्ये सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले, त्यास टिळकांनी संस्थेच्या कामात व्यत्यय येतो म्हणून हरकत घेतली. त्याच वर्षी टिळकांनी राजीनामा दिला आणि त्यासोबत आपल्या भूमिकेचे प्रदीर्घ निवेदन सादर केले.

या फुटीचे वर्णन पुष्कळदा राजकीय सुधारणा आधी की सामाजिक, या वादाचा एक अध्याय म्हणून केले जाते. ते चूक नाही, पण अपुरे आहे. निवेदनात पानेच्या पाने वेतन, बक्षिसे, कामाचे तास यांविषयी आहेत. शिक्षकाने किती त्याग करावा आणि त्याची मर्यादा कोणी ठरवावी, हा त्यातील मूळ प्रश्न होय. टिळकांची कल्पना अधिक भव्य होती. आगरकरांची अधिक मानवी होती आणि शाळा तगली ती त्या दुसऱ्या कल्पनेशी जुळवून घेऊन. आपट्यांच्या निधनानंतर (१८९२) आगरकर प्राचार्य झाले, परंतु दम्याने खंगून ते १७ जून १८९५ रोजी निवर्तले. त्यांच्यामागून गोळे प्राचार्य झाले. त्याच वर्षी त्यांचे ब्राह्मण आणि त्यांची विद्या हे पुस्तक प्रसिद्ध झाले. नव्या शिक्षणाने शिकलेल्या वर्गाचे शरीर व कर्तृत्व यांची कशी हानी केली, याची मीमांसा करणारे हे पुस्तक शाळेच्याच एका चालकाने लिहावे, यात या मंडळींचा आत्मपरीक्षणाचा गुण दिसतो.

शाळेच्या पहिल्या दशकांतील विद्यार्थ्यांत मराठी साहित्याला वळण देणाऱ्या व्यक्तींचे प्रमाण लक्षणीय आहे. हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांनी विष्णुशास्त्र्यांच्या मृत्यूनंतर शिष्यजनविलाप हे काव्य रचले, तेव्हा ते शाळेतच शिकत होते. आगरकरांनी शेक्सपिअरच्या हॅम्लेटचे विकारविलसित हे भाषांतर प्रसिद्ध केल्यावर याच विद्यार्थ्याने त्याचे दोष दाखविणारी विस्तृत समीक्षा लिहिली. प्रत्यक्ष आपल्या शिक्षकाच्या ग्रंथावर विद्यार्थ्याने जाहीर टीका करावी, हे त्या काळच्या रीतीस सोडून होते. गुरूविषयी शोककाव्य आणि गुरूवर टीका या दोन्ही गोष्टी एकाच मुलाच्या हातून एक-दोन वर्षांच्या अंतराने व्हाव्यात, यावरून शाळेतील वातावरणाची कल्पना येते. काळकर्ते शिवराम महादेव परांजपे (१८६४–१९२९) हे शाळेचे विद्यार्थी. कृष्णाजी केशव दामले ऊर्फ केशवसुत (१८६६–१९०५) हेही १८८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात येथे शिकत होते. समतेचा व बंडखोरीचा जो सूर त्यांच्या कवितेत पुढे उमटला, त्याचा आगरकरांच्या विचारांशी असलेला संबंध समीक्षकांनी दाखवून दिला आहे. नंतरच्या पिढीत राम गणेश गडकरी (१८८५–१९१९) यांचे शिक्षण येथे झाले. हे सारे लेखक शाळेने घडविले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. शहरात छापखाने, नाटकगृहे, व्याख्यानमाला होत्या, त्यांनीही ते घडविले. परंतु शिक्षक स्वतः लिहितात, भांडतात, प्रसंगी तुरुंगात जातात, हे डोळ्यांसमोर पाहणारी मुले इतर शाळांतील मुलांपेक्षा वेगळी निपजावीत, हे स्वाभाविक होते.

विसाव्या शतकाच्या आरंभी शाळेसमोर वेगळे पेच उभे राहिले. १८९७ च्या व त्यानंतरच्या प्लेगच्या साथींनी पुणे ओस पडे व शाळा बंद ठेवाव्या लागत. १९०५ च्या स्वदेशी चळवळीत विद्यार्थी मोठ्या संख्येने ओढले गेले. विद्यार्थ्यांनी राजकारणात भाग घेऊ नये, असा सरकारने १९०७ मध्ये आदेश काढला. अनुदान घेणाऱ्या संस्थांना तो मोडणे शक्य नव्हते. ज्या शाळेच्या संस्थापकांनी तुरुंगवास भोगला होता, तिच्याच चालकांना मुलांना सभांपासून दूर ठेवण्याची जबाबदारी पार पाडावी लागली. विष्णु गोविंद विजापूरकर यांनी तळेगाव येथे चालविलेल्या समर्थ विद्यालयास टिळकांचा पाठिंबा होता. सरकारी मान्यता व परीक्षा यांपासून पूर्ण मुक्त अशी ती राष्ट्रीय शाळा सरकारने १९१० मध्ये बंद पाडली. या दोन शाळांच्या भिन्न भवितव्यावरून न्यू इंग्लिश स्कूलने पतकरलेल्या तडजोडीची किंमत व उपयोग दोन्ही कळतात. १९२० नंतरच्या असहकाराच्या काळातही सरकारमान्य शाळांवर बहिष्काराची हाक आली व पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठ (१९२१) निघाले. तथापि शाळा चालूच राहिली.

शाळेच्या इमारतींना शहराच्या इतिहासात स्वतःचे स्थान आहे. मोरोबादादांच्या वाड्यानंतर संस्थेचे वर्ग शनिवार पेठेतील गद्रे वाडा इ. निरनिराळ्या वाड्यांतून भरत. पेशवाईतील मुत्सद्द्यांच्या व सावकारांच्या वाड्यांच्या सोप्यांत बाके मांडून इंग्रजी शाळा भरविणे ही त्या काळच्या पुण्यातील नित्याची गोष्ट होती. शनिवारवाड्याजवळील नाना फडणिसांच्या वाड्यातही शाळेचे वर्ग दीर्घकाळ भरत. मुख्य शाळा शनिवार पेठेतील रमणबाग येथे स्थिरावली. शहर दक्षिणेस वाढत गेल्यावर टिळक रस्त्यावर त्याच नावाची दुसरी शाळा उभी राहिली. सोसायटीने १८९९ मध्ये नवीन मराठी शाळा ही प्राथमिक शाळा काढली आणि कालांतराने मुलींसाठी अहिल्यादेवी ही माध्यमिक शाळा. साताऱ्यासही न्यू इंग्लिश स्कूल आहे. पुण्याबाहेर निघालेल्या अनेक गावांतील शाळांनी हेच नाव घेतले. त्यांतील बहुतेकांचा या संस्थेशी संबंध नाही, पण नावाची प्रतिष्ठा त्यावरून ध्यानात येते.

नावाहूनही अधिक अनुकरण झाले ते आजीव सभासदत्वाच्या पद्धतीचे. पुण्यातील इतर शिक्षणसंस्थांनी ती थोड्याफार फरकाने उचलली. गोखल्यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा अल्प वेतन व सेवेची प्रतिज्ञा हे घटक त्यांनी शाळेतील आपल्या अनुभवातूनच घेतले होते. स्वातंत्र्योत्तर काळात मात्र या पद्धतीचा आर्थिक पाया उरला नाही. शिक्षकांच्या वेतनाचा भार शासकीय अनुदानातून उचलला जाऊ लागला. महाराष्ट्रात खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती १९७७ च्या कायद्याने निश्चित झाल्या. पगार किती असावा, हा टिळक-आगरकरांना विभक्त करणारा प्रश्न त्यामुळे शाळेच्या चार भिंतींतून बाहेर पडून शासनाच्या वेतनश्रेणीत गेला. शिक्षकाला सुरक्षितता लाभली. शाळेची मालकी व धोरण यांत त्याला असलेला वाटा मात्र कमी झाला.

परीक्षेच्या व्यवस्थेतही बदल झाले. मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकची जागा १९४९ पासून शालान्त परीक्षेने घेतली. शिक्षणाचे माध्यम त्यापूर्वीच टप्प्याटप्प्याने मराठी झाले होते. ज्या शाळेच्या नावात ‘इंग्लिश’ आहे ती शहरातील मराठी माध्यमाची एक प्रमुख शाळा म्हणून ओळखली जावी, असा हा उलटा प्रवास आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुण्यातील मध्यमवर्ग इंग्रजी माध्यमाकडे वळू लागला व जुन्या पेठांतील वस्तीही उपनगरांत पांगली. या दोन्ही गोष्टींचा ताण पेठांतील सर्वच जुन्या मराठी शाळांवर पडला असून ही शाळाही त्यास अपवाद नाही.

शाळेची शताब्दी १९८० मध्ये झाली. जानेवारीच्या आरंभी येणारा स्थापनादिन आणि वार्षिक स्नेहसंमेलन हे तिचे ठरलेले सोहळे होत. मात्र आजच्या पुणेकरास शाळेची ओळख अधिक होते ती गणेशोत्सवात. विसर्जन मिरवणुकीत ढोल-ताशांच्या गजरात चालणारे रमणबागेचे पथक शहरातील प्रसिद्ध पथकांत गणले जाते आणि त्यात माजी विद्यार्थी वयाची व व्यवसायाची क्षिती न बाळगता सामील होतात. गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप देण्यात टिळकांनी पुढाकार घेतला तो शाळा सोडल्यानंतर, १८९३–९४ मध्ये. बोलण्यात शाळेचे अधिकृत नाव आता क्वचितच येते. टिळक रस्त्यावरील शाळेपासून वेगळेपणा दाखविण्यासाठी तिला सर्रास ‘रमणबाग’ असेच म्हणतात आणि तिचे माजी विद्यार्थीही स्वतःस रमणबागेचे म्हणवितात.